जोडाखालचा कोंब

मित्रांनो, मी कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या अंगणातलं जुनं चिकूचं झाड आहे. म्हणजे, परवापर्यंत तरी मी स्वतःला चिकूच समजत होतं. आता नक्की काय सांगावं, तेच कळेनासं झालंय.

मला रोपवाटिकेतून आणलं तळमजल्यावरच्या कुसुमताईंनी. तेव्हा मी हातभर रोप होतं, खोडाला पट्टी बांधलेली. पुढे त्या माझे चिकू तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवायच्या आणि घरोघरी वाटायच्या. "मला नकोत, शुगर आहे," म्हणत वरचे दिगंबरराव चार जास्तच न्यायचे.

आठ-दहा वर्षांपूर्वी माझ्या बुंध्याशी कोंब फुटला. माझी पानं वाळत चालली होती, त्यामुळे कुसुमताईंना कोण आनंद! त्यांनी त्याला काठीचा आधार दिला, रोज तांदळाचं धुवण घातलं. त्याला ऊन मिळावं म्हणून माझ्या वरच्या फांद्याही छाटून घेतल्या. एकच उरली.

या उन्हाळ्यात तो कोंब फळाला आला. बोटाच्या पेराएवढी, पिवळीधमक फळं!

"या चिकूंना कावीळ झाली का हो?" दिगंबररावांनी विचारलं.

कोंडीराम माळ्याने वाकून बुंधा पाहिला. "ताई, ही खिरणी हाय. चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधत्यात. कलमाच्या जोडाखाली फुटलेलं खुडायचं असतंय. तुम्ही पोसलंत." त्याने कोयता काढला. "ही नाय तोडली, तर उरलेली चिकूची फांदी मरंल."

फांदी चिकूची, मुळं खिरणीची. मग यातलं मी कोणतं? इतकी वर्षं कौतुक झालं ते कुणाचं?

कुसुमताईंची नात तनया ती पिवळी फळं खात होती. चिकाने तिचे ओठ चिकटले होते. "आज्जी, ही नको ना तोडू."

कुसुमताईंनी पदराने तिचे ओठ पुसले. "अर्धीच काढ, कोंडीराम. चिकूला ऊन लागेल एवढीच. चूक माझी, सगळी शिक्षा खिरणीला कशाला?"

कोयता पडला, पांढरा चीक ओघळला. फांदी खिरणीची होती, पण दुखलं मला सगळीकडे. चिकूची फांदी आता जगेल का, कोण जाणे.

मित्रांनो, तुमच्या दारी कलमाचं झाड असेल, तर जोडाखालचे कोंब कोवळे असतानाच खुडा. तेव्हा फारसं लागत नाही. एकदा वाढवलं की मात्र ते आपलंच होऊन बसतं.