सर्वज्ञांच्या डाव्या पायाखाली

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. गाडी घेताना लोक रंग पाहतात, सीटची कव्हरं चाचपतात, गाणी कशी वाजतात ते ऐकतात. माझी चौकशी कोणीच करत नाही. मी क्लचप्लेट. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे बसणारी, ताटलीएवढी गोल चकती. पेडल सोडलं की मी इंजिनाला घट्ट धरते आणि गाडी चालते. पेडल पूर्ण दाबलं की मी मोकळी होते, मग खुशाल गिअर बदला. धरायचं आणि सोडायचं, एवढंच माझं काम. यात न कळण्यासारखं काय आहे? पण माणसाला न कळायला कारण लागत नाही.

माझी पहिली मालकीण गुरांची डॉक्टर होती. कच्चे रस्ते, चढ, चिखल, सगळीकडे तिने मला नेलं. पण तिचा पाय कसा पडायचा! दाबला की थेट तळापर्यंत, उचलला की पेडलपासून लांब. साठ हजार किलोमीटर झाले तरी माझ्यावरचं अस्तर निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. पुढे ती दूरच्या गावी राहायला गेली आणि गाडी जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे आली. त्याने बाहेरून पॉलिश मारलं, आत अत्तर फवारलं आणि गाडी एका गृहस्थांच्या गळ्यात मारली. खरं तर गृहस्थ माझ्या गळ्यात मारले.

त्यांचं नाव सांगून मी त्यांचा मान वाढवणार नाही. मी त्यांना सर्वज्ञ म्हणते. एका कार्यालयात ते मोठ्या हुद्द्यावर होते, आणि ‘पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी’ हे वाक्य दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. एकच चूक पंचवीस वर्षं केली की तिला अनुभव म्हणत असावेत. त्यांचा डावा पाय पेडलवरून कधी उठतच नसे. जणू तो पाय ठेवायचा पाटच. सिग्नलला चढावर थांबले की हँडब्रेक ओढायचा नाही. पेडल अर्धवट दाबून, अ‍ॅक्सिलरेटर देत गाडी तशीच लोंबकळत ठेवायची. अशा वेळी मी धड धरलेलीही नसते आणि धड सुटलेलीही नसते. नुसती घासत राहते, तापत राहते. करपल्याचा वास आला की सर्वज्ञ काच वर करत आणि म्हणत, “पुढच्याची गाडी जळतेय वाटतं.” जेमतेम दीड वर्षात त्यांनी मला पार संपवत आणलं.

त्यांची लेक फिजिओथेरपिस्ट होती. एका दवाखान्याने तिला घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम देण्याची नोकरी देऊ केली होती. अट एकच, गाडी चालवता आली पाहिजे. रीतसर शिकून तिने परवाना काढला होता, आणि हात बसावा म्हणून चार रविवार ती हीच गाडी चालवत होती. तिचा पाय पडला तेव्हा मला डॉक्टरीणबाईंची आठवण आली. पण तोवर माझ्यात काही उरलं नव्हतं.

चौथ्या रविवारी पुलाच्या चढावर माझी पकड सुटली. इंजिन ओरडत राहिलं, गाडी जागची हलेना. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

“जाळलास ना क्लच! सांगत होतो, तुला जमायचं नाही!” शेजारी बसलेले सर्वज्ञ सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले.

“बाबा, क्लासमध्ये शिकवलं तसंच चालवत होते मी.”

“माझ्या हातात कधी बंद पडली का? आण ती किल्ली. यापुढे गाडीला हात लावायचा नाही.”

गाडी ओढून न्यायला माणसं येईपर्यंत त्यांनी बॉनेटला टेकून तीन फोन केले. मामाला सांगितलं, पोरीने गाडीची वाट लावली. आत्याला सांगितलं, तेच. तिसरा फोन दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना. ओळखीचे होते ना! “तिच्या भल्यासाठी सांगतो, तिला अजून गाडी जमत नाही. तुम्ही दुसरं कोणी पाहा.” लेक दोन पावलांवर उभी होती. तिलाही वाटत होतं, चूक आपलीच.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मला बाहेर काढलं. सर्वज्ञ खुर्चीवर बसून उपदेश करत होते, “शिकाऊ हात, दुसरं काय!” मिस्त्रींनी मला पुसलं, उलटसुलट पाहिलं आणि लेकीला जवळ बोलावलं.

“ताई, किती दिवस चालवलीत?”

“चार रविवार.”

“चार रविवारांत असं होत नाही. हे बघा, अस्तर जाऊन आतले रिव्हेटचे खिळे उघडे पडलेत. हे निळे डाग सारखं तापल्याचे. आणि हे बेअरिंग असं वाजतं ते पाय कायम पेडलवर ठेवल्याने. रोज कोण चालवतं?”

लेकीने वडिलांकडे पाहिलं.

“पंचवीस वर्षं चालवतोय मी,” सर्वज्ञ म्हणाले.

“बरं. तेवढ्या वर्षांत क्लच किती बदललेत, साहेब?”

“पाच… सहा असतील. हल्ली मालच हलका येतो.”

मिस्त्री हसले नाहीत. ते सभ्य होते. मी हसले असते.

लेकीने मला दोन्ही हातांत घेतलं. तिचे हात काळे झाले, पण तिने मला खाली ठेवलं नाही. “बाबा, मामाला फोन लावा. मग आत्याला. मग डॉक्टरांना.”

“घरी गेल्यावर बघू गं.”

“नाही. रस्त्यात उभं राहून माझी बदनामी केलीत, तेव्हा घरी जायची वाट पाहिली नव्हती. आत्ता लावा.”

मामाला सांगताना त्यांनी ‘गाडी जुनीच होती’पासून सुरुवात केली. लेक नुसती पाहत राहिली. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या फोनपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. “डॉक्टर, क्लच माझ्यामुळे गेला. पोरीमुळे नाही. ती नीट चालवते.” एवढं खरं बोलायला एवढा घाम! मला कौतुक वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण पलीकडून डॉक्टर म्हणाले, “उद्या सकाळी पाठवा तिला. गाडी चालवूनच दाखवू दे.”

आता मी गॅरेजच्या भंगाराच्या पिंपात आहे. मित्रांनो, पेडल दाबायचं तर पूर्ण दाबा आणि सोडायचं तर पूर्ण सोडा. एवढं ऐकलंत तरी माझ्या बहिणी जास्त जगतील. पण खरं सांगू? माझ्या जागी दुपारपर्यंत नवी प्लेट बसली. आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारलीत, तर त्या माणसाला दुसरं मन कुठल्या गॅरेजात बसवून मिळणार आहे?

परवा लेक ऑइल बदलायला आली होती. मागच्या सीटवर व्यायामाचे रबरी पट्टे होते, वॉकर होता. मिस्त्रींनी विचारलं, “वडील काय म्हणतात?”

“म्हणतात, गाडी मीच शिकवली तिला.”