बाहुलीच्या हातावरची शाई

चिपळुणात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, पण चार माणसांत नाव झालं ते बाहुल्यांमुळे. आमच्या लहानपणी बोटीवरचा एखादा काका-मामा आणायचा ना, लांब मानेची, टाचा उचललेली फॅशनवाली बाहुली, तिला आता पुन्हा चांगले दिवस आलेत. पुण्या-बंगळुरूच्या बायका ती शोधत फिरतात. यांना सासू जुन्या वळणाची चालत नाही, बाहुली मात्र जुनीच हवी. मी तिचे केस धुते, गरम पाण्याने वळवते, वीतभर नऊवारी शिवते आणि बाहुल्या जमवणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकते. मनिषाच्या हातून आलेली बाहुली ओळखूच येत नाही, असं सगळ्या म्हणतात. मला ते ऐकायला फार आवडतं.

एप्रिलात बुरोंडीहून गुणवंतीताई आल्या. मासे विकणारी बाई, बोलणं मोजकं. पिशवीतून बाहुली काढून म्हणाल्या, "माज्या मामानं आणलेली. मग शमिकाची झाली."

शमिका त्यांची एकुलती मुलगी. गेल्या गणपतीच्या आधी रक्ताच्या आजाराने गेली, नऊ वर्षांची. घरच्यांनी तिचे कपडे, दप्तर सगळं समुद्रात सोडलं. ही बाहुली तेवढी ताईंनी सुक्या मासळीच्या पिंपात लपवून ठेवली होती.

"केसांना वास मारतो, तेवढा काढ. बाकी कायच करू नको गो."

दोन दिवसांत केस रेशमासारखे झाले. पण उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेनचे निळे ठिपके होते, ते माझ्या डोळ्यांत खुपायला लागले. असली डागाळलेली बाहुली माझ्या दुकानातून बाहेर जाणार? बजावलेलं आठवत होतं, तरी मी एकेका ठिपक्यावर बोटाने पुटकुळ्यांचं मलम लावलं, उन्हात त्याने शाई उडते, वर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि तिला गच्चीवर उन्हात ठेवलं. पाच दिवसांनी हात कोरा करकरीत. ग्रुपवर कौतुकाचा नुसता पाऊस पडला.

बाहुली न्यायला आल्यावर ताईंनी आधी केसांचा वास घेतला आणि हसल्या. मग हात उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"हितं ठिपके होते."

"शाई होती ताई. घालवली मी."

त्या स्टुलावर बसल्या.

"मुंबईला इस्पितळात नर्स सुई घेऊन आली की शमू आधी हिच्या हातावर पेन टोचायची. मग आपला हात पुढं करायची. रडायची नाय."

त्या क्षणी मला स्वतःची भयंकर चीड आली. मोबाईल उघडला. धुण्याआधीचा फोटो होता, पण नुसत्या केसांचा. काहीतरी करायला हवं म्हणून गल्ल्यावरचं निळं पेन उचललं आणि मूर्खासारखं विचारलं, "किती होते ताई? तसेच काढून देते."

"मी कधी मोजले नाय. धीरच झाला नाय. वरीस सरलं की मोजीन म्हटलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बघितलेस ना? तूच सांग, किती होते?"

एकेका ठिपक्यावर माझं बोट फिरलं होतं. आठ होते की अकरा, मला सांगता येईना.