उरलेला बोल्ट

आफ्रिकेतून आलेल्या बाईंचा स्वतःचा तेलघाणा होता. शेंगा फोडायचं आमचं यंत्र त्यांना घ्यायचं होतं, म्हणून सकाळपासून मी त्यांना एकेक बटण समजावत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या दुभाष्याकरवी म्हणाल्या, "आता हे खोलून दाखवा."

माझं डोकंच फिरलं. नवंकोरं यंत्र खोलायचं? "बिघडलं तर फोन करा की."

"फोन लागेल हो. पण फोनमधून तुमचा हात येणार आहे का?"

मी पाना त्यांच्याच हातात दिला. बाईंनी यंत्राचं हाड न् हाड वेगळं केलं, जुन्या चादरीवर ओळीने मांडलं आणि पुन्हा जोडलं. चादरीवर एक लांब बोल्ट उरला. मला मनातून गुदगुल्या झाल्या. "बघा, राहिला ना!"

त्यांनी टोपलीभर शेंगा ओतल्या आणि बटण दाबलं. यंत्र गुमान चाललं. टरफलं वेगळी झाली, एकही दाणा फुटला नाही.

"मग हा कशासाठी असतो?"

"बावीस वर्षं मी तो आवळतोय, कारण वडील आवळायचे," मी सांगून टाकलं.

बाई हसल्या नाहीत. "घाणा सुरू करताना सासूबाई त्याला तीन टपल्या मारायच्या. त्या गेल्या. मी अजून मारते."

मग त्यांनीच तो बोल्ट उचलला, जागेवर बसवला आणि पाना माझ्यापुढे धरला.