चालू असताना ऐका

"ताई, फ्रिज बंद करून ठेवलात? वर पुसून लख्ख! आता मी काय ऐकणार, कपाळ?"

फ्रिजकाका सगळ्याच गिऱ्हाइकांवर असे करवादायचे. तक्रार आवाजाची, आणि मेकॅनिक येणार म्हटलं की लोक पाहुणा येणार असल्यासारखा फ्रिज आवरून ठेवतात. ताई इस्पितळात नर्स होत्या. त्यांनी बटण लावलं. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ते जमिनीवर कोलमडले होते आणि ताईंची बोटं त्यांच्या मनगटावर होती.

"कधीपासून होतंय हे?"

"काही नाही हो. मधूनच एखादा ठोका चुकतो, मग धडधडतं. येतं आपोआप ठिकाणावर."

"नुसता एखादा ठोका चुकला असता तर मीही म्हटलं असतं, चहा कमी करा, झोप काढा. पण तुम्हाला अंधारी आली. धडधडीबरोबर चक्कर, दम किंवा छातीत दुखणं असलं की घरी बसून राहायचं नसतं. चला, उठा."

इस्पितळात काढलेला कार्डिओग्राम मात्र अगदी शहाण्यासारखा आला. डॉक्टरांनी छातीला वायरी चिकटवून एक छोटं यंत्र कमरेला अडकवून दिलं. दिवसभर ते ठोके टिपणार होतं. "रोजच्यासारखं राहा," ताईंनी बजावलं. "धडधडलं की हे बटण दाबा. चक्कर आली तर तडक फोन."

काका रोजच्यासारखे राहिले नाहीत. त्यांनी चहा सोडला, काम बंद ठेवलं, जिना टाळला. संध्याकाळी घरी न जाता बागेतल्या बाकावर बसून बिस्किटं खाल्ली आणि घरी येऊन थेट अंथरुणावर पडले. दुसऱ्या दिवशी यंत्र परत करताना पहिला नंबर आल्यासारखे म्हणाले, "एकदाही झालं नाही!"

ताईंनी सगळी चौकशी केली आणि कपाळाला हात लावला. "काका, बंद करून, पुसून आणलंत की!"

काकांना हसू फुटलं. ते फार टिकलं नाही.

"खरं सांगा, होतं कधी?"

ते बराच वेळ वायरी गुंडाळत राहिले. "संध्याकाळी. जेवायला बसलो की. ही गेल्यापासून समोर कोणी नसतं ना. मनाचंच असेल ते, ताई. त्यासाठी डॉक्टरांना कशाला त्रास?"

"मनाचं की हृदयाचं, ते यंत्राला ठरवू द्या. एकटं वाटतं म्हणून दुखणं अंगावर काढायचं नसतं."

यंत्र पुन्हा कमरेला लागलं. या वेळी काकांनी चहा घेतला, जिने चढून एका बाईंच्या फ्रिजचं दार बसवून दिलं आणि संध्याकाळी घरी आले. घरात शिरताना आजही त्यांचा पाय जड झाला. रोजच्यासारखी दोन ताटं काढली, रोजच्यासारखं एक परत ठेवलं. फोन हाताशी ठेवून ते जेवायला बसले.

दुसऱ्या-तिसऱ्या घासाला छातीत काहीतरी अडखळलं आणि मग उधळलं. एरवी अशा वेळी ते रेडिओ मोठा करत आणि ताट सारून उठत. आज रेडिओ बंद केला. काका घाबरले होते, फार घाबरले होते. पण डोकं जागेवर होतं, अंधारी नव्हती. त्यांनी बटण दाबलं.

"आता ऐक," ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले. "आता चालू आहे."

या घरात ते कितीतरी दिवसांनी बोलले होते. आपला आवाज त्यांना जरा खरखरीत वाटला.

ठोके ठिकाणावर आले तेव्हा अन्न पार गार झालं होतं. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि सगळं संपवलं.