तीन किलो शिसं

आमचे धाकटे बंधुराज आज सकाळी स्टोअरच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "दादा, जोडीदार नवखा आहे, कॅमेरा मीच नेतोय. पट्ट्यातलं तीन किलो काढ."

मला शिकवतोय! पाणबुड्याच्या कमरेला शिसं किती असावं, हे ह्याला शिकवलं कोणी? मीच. धक्क्याचे खांब तपासायला आम्ही दोघे भाऊ जोडीने बुडी मारायचो. आमचा कॅमेरा म्हणजे लोखंडी पेटीतला धोंडा, पाण्यातही तीन किलो भरणारा. तो नेणाऱ्याने तेवढं शिसं कमी करायचं, आणि मग काही झालं तरी खाली कॅमेरा सोडायचा नाही. सोडलास की बुचासारखा वर. हे मी त्याला शंभरदा बजावलं होतं.

दोन वर्षांपूर्वी कॅमेरा माझ्याकडे होता. अठरा मीटरवर खांबाला मोठी भेग दिसली. असा फोटो काढणाऱ्याच्या नावासकट साहेबांच्या टेबलावर जातो. धाकट्याने कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने सरळ हिसकावला. टाकीतली हवा संपत आलेली, म्हणजे मी आधीच हलका. अंगातल्या जॅकेटची हवा सोडली तरी वर जाणं थांबेना. खांबाला धरायला गेलो तर नुसतं शेवाळ. वर आलो तेव्हा उजव्या कानातून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले, आता बुडी विसरा. तेव्हापासून मी स्टोअरच्या खिडकीमागे बसून पाणबुड्यांना पट्टे देतो.

कान गेला चुलीत. पण हा शहाणा साहेबांना काय म्हणाला? "दादा घाबरला. कॅमेरा माझ्या अंगावर टाकून पळाला." बावीस वर्षं पाण्यात काढली मी, आणि आता बुडी मारणारी पोरं मला बघून गालातल्या गालात हसतात. आई म्हणते, "जाऊ दे रे, भाऊच आहे." भाऊच आहे, म्हणून तर जास्त झोंबतं! त्याने एकदा खरं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

मी आठ किलोच्या पट्ट्यातून शिशाच्या तीन वड्या काढल्या, पट्टा पुढे केला. "खाली कॅमेरा कोणाला देऊ नकोस."

"माहीत आहे रे."

पट्टा त्याने बांधला नाही. बाकावर ठेवून एकेक वडी चाचपली, मोजली. मग तराजूवर टाकला. काटा बरोबर पाचावर. तरी वड्या पुन्हा मोजल्या. हसणारी पोरंसुद्धा माझ्या हातचा पट्टा डोळे मिटून बांधतात.

"मी घाबरून पळालो होतो ना?" मी विचारलं. "मग माझ्या पट्ट्याची तुला कसली भीती?"

 त्याने वर बघितलं नाही. बकल लावलं आणि कॅमेरा उचलून धक्क्याकडे गेला.

दोन वर्षांनी त्याने वड्या मोजून कबूल केलं, आणि ते बघायला खिडकीशी दुसरं कोणीही नव्हतं.