कोरा श्वास

वैजनाथ तीस वर्षं एका प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांचं रडणं मोजत होता. आईपासून तीन मिनिटं दूर केलेलं पिल्लू इतक्या बारीक आवाजात ओरडतं, की माणसाच्या कानाला पत्ताही लागत नाही. यंत्र मात्र कागदावर दोन रेघा काढतं, वर श्वास आणि खाली आवाज. मेंदूच्या देठातल्या मूठभर पेशी छातीच्या स्नायूंना हुकूम सोडतात, की आधी हवा भर, मग बेताबेताने सोडत ओरड. हवा संपत आली, की टाहो अर्ध्यावर तोडून श्वास घ्यायला लावतात. पण कधीकधी ओरडण्याइतका खोल श्वास घेतला जाई आणि खालची रेघ सपाटच राही. त्याला वैजनाथ 'कोरा श्वास' म्हणे. शाळेच्या सुट्टीत त्याची लेक पूर्णिमा शेजारी बसून असे श्वास लाल पेन्सिलीने टिपायची. तिची नजर बापापेक्षा तयार होती.

आता ती डॅलसला, सॉफ्टवेअरमध्ये. नव्व्याण्णव साली, वाय-टू-केच्या धांदलीत गेली, दोन वर्षांत येते म्हणाली, त्याला सहा झाली. बायको, ललिता, वारल्यापासून वैजनाथला बोलायला फोन तेवढा उरला, तोही रविवारी सकाळी. दर रविवारी तो ठरवायचा, आज 'परत ये' म्हणायचंच. आणि ऐन वेळी तोंडून मंडईची खबर बाहेर पडायची. पोरीचं छान चाललंय, आपण कशाला मध्ये कडमडायचं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. खरं तर नकार ऐकायची त्याची छाती नव्हती.

त्या रविवारीही तसंच झालं. "मंडईत मटार आलेत," तो म्हणाला.

"बाबा, त्याआधीचा श्वास कोरा होता."

"काय?"

"मोठा श्वास घेतलात आणि बोलला नाहीत. मटार त्याच्या पुढच्या श्वासावर आले. सहा वर्षं ऐकतेय मी."

चोरी पकडली गेली होती. वैजनाथने पुन्हा छातीभर हवा घेतली. "ये ना गं परत," तो म्हणाला. "घर खायला उठतं."

पलीकडून श्वास ऐकू आला, पार तळापर्यंत घेतलेला. वैजनाथने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. काहीच आलं नाही. मग एक लहानसा श्वास.

"मटार गोड आहेत का, बाबा?" पूर्णिमाने विचारलं.

त्याने मटार आणलेच नव्हते. एकट्यासाठी कोण सोलत बसणार?

"गोड आहेत," तो म्हणाला.