अकरा वाजताची नोंद

टीमच्या प्रमुखबाईंना टीम 'हेडबाई' म्हणायची, अर्थात पाठीमागे. सात माणसांनी तासातासाला काय केलं ते तक्त्यात भरायचं आणि बाईंनी प्रत्येक नोंदीखाली "का?" विचारायचं, असा त्यांचा नियम. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मागच्या वर्षी एक काम बुडाल्यापासून बाई साधं पाणीही फुंकत होत्या.

नोंदी मात्र चार महिने अगदी वेळेवर येत होत्या. तेवढंच काय ते समाधान, कारण कामात कुणाचा जीव नव्हता. एका हॉस्पिटलसाठी पेशंटचे नंबर लावणारं सॉफ्टवेअर तीन आठवड्यांत द्यायचं होतं, आणि गाडं जागचं हलत नव्हतं.

त्या सकाळी दाढीवाला, टीममधला सगळ्यात हुशार प्रोग्रामर, समोर येऊन उभा राहिला आणि त्यानं राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवला.

"कारण?"

"इथे डोकं वापरावं लागत नाही, मॅडम."

बाई काही बोलणार, तेवढ्यात अकरा वाजले आणि स्क्रीनवर त्याची नोंद उमटली: 'लॉगिनचं पान तपासतोय.'

बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडे. सवयीनं खाली "का?" टाइप केलं. उत्तर लगेच हजर: 'काल तुम्हीच सांगितलं होतं म्हणून.'

"बंद करायचं राहिलं," दाढीवाला खाली बघत पुटपुटला.

"दाखव मला."

तक्ता आपोआप भरणारा प्रोग्राम सातही जणांनी मिळून लिहिला होता. नोंदीही ज्याच्या त्याच्या ढंगात: टीममधल्या लंबूच्या तुटक, टेस्टिंगवालीच्या ऐसपैस, आणि मंगळवारी कुणीतरी दहा मिनिटं उशिरा, खरं वाटावं म्हणून. बाईंचा संताप झाला. पण वाचता वाचता तो उतरत गेला, कारण काम देखणं होतं. एकमेकांचं लिखाण तपासून त्यांनी टिपा लिहिल्या होत्या, चुका पकडायला चाचण्या लावल्या होत्या, आणि यातलं काहीही कुणी सांगितलेलं नव्हतं. याच माणसांना आपण कामचुकार म्हणत आलो, याची बाईंना लाज वाटली.

"हे केलंत कधी?"

"जेवणाच्या सुट्टीत."

"मला तीन आठवडे दे," बाई म्हणाल्या. "तक्ता आजपासून बंद. हॉस्पिटलचं काम तुम्ही सातजण ठरवाल तसं करा. मी विचारणार नाही."

"जमेल तुम्हाला?"

"नाही जमलं तर हा कागद आहेच." तो कागद त्यांनी मुद्दाम टेबलावर, नजरेसमोरच राहू दिला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अकरा वाजले की बाईंची बोटं शिवशिवायची. मग त्या उठायच्या आणि जिन्यानं चार मजले उतरून पुन्हा चढायच्या. पाय भरून यायचे, पण विचारायचं नाही म्हणजे नाही.

सोळाव्या दिवशी दाढीवाला स्वतःहून आला.

"मॅडम, माझ्याकडून चूक झालीय. दोन पेशंटना एकच नंबर जातोय. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो."

चार महिन्यांत कुणी आपली चूक आपणहून सांगितली नव्हती. "का?" अगदी ओठांवर आलं होतं, ते बाईंनी गिळलं.

"बरं."

तो दारापर्यंत जाऊन थांबला. "कशी झाली, विचारणार नाही?"

"सांगावंसं वाटलं तर सांग."

तो परतला, खुर्ची ओढून बसला. टेबलावरचा राजीनामा त्यानं उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर आकृती काढून सांगायला लागला.